आठवड्याचा विषय

आमच्या घरीं टपालानें पत्र येण्याचे दिवस आतां सरले. जें कांहीं येतें तें मोबाईलवर येतें. गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या सूनबाईंचा पुण्याहून असाच एक निरोप आला. नात यंदां पहिलींत गेली आहे. तिच्या शाळेंत दर सोमवारीं एक विषय सांगतात, आणि मग शनिवारपर्यंत गाणीं, गोष्टी, चित्रें, आंकडे, फार काय डब्यांतला खाऊसुद्धां, त्या एका विषयाभोंवतीं फिरत राहतो. ‘वाहनां’चा आठवडा झाला, ‘पाण्या’चा झाला, पुढला ‘धान्या’चा होता. सूनबाईंनीं लिहिलें होतें, “बाबा, येथें दुकानांत पाकिटांतलें धान्य मिळतें, पण ताटासकट कणीस कोठून आणूं? आपल्याकडचें कांहीं पाठवाल का? पाण्याच्या आठवड्यांत रात्रीं अकरापर्यंत थर्माकोलचें धरण करीत बसलें होतें. या वेळीं तरी खरें कांहीं न्यावें असें वाटतें.”

निरोप ऐकून आमच्या सौ. हंसून म्हणाल्या, “पहिलींत नक्की कोण आहे, नात कीं सूनबाई?” थट्टा थट्टेच्या ठिकाणीं, परंतु ‘धान्याचा आठवडा’ हे दोन शब्द वाचून आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. त्याचें कारण सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे. तें कारण आमच्या मोठेपणाचें नाहीं, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. शिक्षकाचें प्रशिक्षण घेऊन १९७९ सालीं प्राथमिक शाळेंत लागलों आणि ३७ वर्षें बहुतेक पहिली-दुसरीलाच शिकवून निवृत्त झालों. संस्कृत मात्र शाळेंत जाण्यापूर्वींच घरीं सुरू झालें होतें. आजोबांनीं सहाव्या वर्षीं अमरकोश हातीं दिला. हातीं म्हणजे तोंडीं, पुस्तक पुढें कित्येक महिन्यांनीं पाहावयास मिळालें. आठवड्याला एक विषय घेऊन शिकविण्याची रीत शहरांतल्या नव्या शाळांनीं काढली, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु अमरसिंहानें आपला कोश लाविला आहे तो अकारविल्हे नव्हे, विषयवार. स्वर्गवर्ग, कालवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग असे वर्ग पाडून एका जातीचे शब्द त्यानें एका ठिकाणीं बसविले. पंचतंत्रांतला विष्णुशर्मा राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचें पत्करतो, तेव्हां तोही पांच तंत्रें म्हणजे पांच विषयच घेतो. मित्रभेद म्हटला कीं त्यांतल्या साऱ्या गोष्टी त्याच एका खुंटीला टांगलेल्या. लहान मुलाचें मन सुटे मणी सांभाळीत नाहीं, त्याला दोरा लागतो, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें.

परंतु त्याच अमरकोशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वैश्यवर्गांत धान्यांचीं नांवें आहेत, तीं आम्ही सातव्या वर्षीं घडाघड म्हणत असूं. त्यांपैकीं शेतांत उभें असलेलें कोणतें, हें मात्र विसाव्या वर्षींही आम्हांस धड सांगतां आलें नसतें. नांव होतें, वस्तु नव्हती. हें व्यंग घेऊनच आम्ही खुर्चीवर बसलों, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनीं दिली.

मैंदर्गी हें सोलापूर जिल्ह्यांतील अक्कलकोट तालुक्याचें गांव. नगरपालिकेचें असलें तरी जीव शेतीवर, आणि कर्नाटकाची सीमा जवळच. बहुतेक घरांतून कन्नड बोलतात, बाजारांत कन्नड आणि मराठी मिसळून चालते, कचेरींत मराठी लिहितात. तालुक्यांत मराठी शाळा आहेत तशा कन्नड माध्यमाच्याही आहेत. तथापि मुलाला पुढें नोकरी लागावी म्हणून घरीं केवळ कन्नड बोलणारे आईबापही त्याला मराठी शाळेंत घालतात. आमच्या वर्गांत पहिली आणि दुसरी एकत्र बसत. पट ४१ चा. आम्हांस बाजारापुरती कन्नड येत होती. पण वर्गांत तिचा उच्चार करणें म्हणजे मराठी शाळेला बट्टा लावणें, अशी आमची त्या वयांत ठाम समजूत होती.

१९८६ च्या जूनमध्यें शाळा उघडली ती ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास. या सीमाभागांत त्या दिवशीं कारहुणवी असते; बैलांचीं शिंगें रंगवून त्यांना मिरवितात. म्हणून त्या वर्षींचा पहिला विषय आम्हीं ‘बैल’ घेतला. सोमवारीं पाहावयाचें, मंगळवारीं बोलावयाचें, बुधवारीं मोजावयाचें, गुरुवारीं हातानें करावयाचें, शुक्रवारीं गोष्ट आणि अक्षर, शनिवारीं सारें मांडून ठेवावयाचें, असा आमचा क्रम असे. एका बैलाचीं शिंगें दोन, तर जोडीचीं किती; एका बैलाचे पाय चार, तर जोडीचे किती; असा हिशोब मुलें बोटांवर न करतां डोळ्यांसमोर बैल आणून करीत. गुरुवारीं तळ्याकांठची काळी माती आणून बैल केले. ते खिडकींत वाळत ठेवले तेव्हां वर्गाला गोठ्याची शोभा आली. हा आठवडा चांगला गेला, हें आजही आम्ही म्हणूं.

मग आषाढांत ‘पाऊस’ घेतला, आणि तेथें आम्ही घसरलों. आम्हीं भिंतीवर एक रंगीत चित्र लाविलें: हिरवेगार डोंगर, त्यांवरून कोसळणारे धबधबे, अंगणांत सांचलेलें पाणी आणि त्यांत कागदी होड्या सोडणारीं मुलें. बाहेर खिडकींतून पाहावें तों आभाळ कोरडें, वाऱ्यावर धूळ, आणि पेरणी होईल कीं नाहीं या काळजींत बसलेलीं घरें. सोलापूरकडचा पाऊस पुस्तकांतल्या पावसासारखा कधींच पडत नाहीं. येथें त्याची वाट पाहणें हाच मोठा अनुभव. त्या वाट पाहण्याबद्दल आम्हीं मुलांना एक प्रश्नही विचारला नाहीं. मुलांनीं होड्या केल्या, गाणें म्हटलें. तपासणीस आलेले अधिकारी प्रसन्न झाले, आणि आम्हीही.

पहिलींत नव्यानें आलेला एक मुलगा मात्र या सर्व आठवड्यांत तोंडांतून शब्द काढीना. त्याची थोरली बहीण दुसरींत होती; ती त्याच्या शेजारीं बसे आणि आम्ही जें बोलूं तें हळूच त्याच्या कानांत कन्नडमध्यें सांगे. त्याला मग थोडी हुशारी वाटे. आम्हांस ती कुजबुज खपली नाहीं. “तुला विचारलेलें नाहीं, मध्यें बोलूं नकोस,” असें दोन वेळां बजावून तिसऱ्या वेळीं आम्हीं तिला वर्गाच्या दुसऱ्या टोंकाला बसविलें. ज्या एका पोरीच्या तोंडून आमचा शब्द त्या मुलापर्यंत पोंचत होता, तिचेंच तोंड आम्हीं बंद केलें. आणि मग मुलगा बोलत नाहीं म्हणून त्याला दोष दिला.

दसऱ्याच्या सुमारास त्याचे वडील भेटावयास आले. ते एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालानें राहिलेले. आम्हीं त्यांना बसावयासही न सांगतां म्हटलें, “याच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं. उगीच वर्ष घालवूं नका, शेतावर न्या.” त्यांनीं हात जोडले. “आपण म्हणाल तसें, गुरुजी,” एवढेंच बोलून ते गेले. आम्हीं वहींत त्याच्या नांवापुढें ‘मंद’ असा शेरा लिहिला. विष्णुशर्म्याचें नांव घेणारे आम्ही! दिवाळीची सुट्टी संपली तेव्हां मुलगा आला नाहीं. बहीणही आली नाहीं. भावाला सांभाळून आणण्याच्या निमित्तानेंच तिला शाळा मिळाली होती. हजेरीपटावर दोन नांवांपुढें रोज गैरहजेरीची खूण करतांना आमच्या मनाला कांहींच टोंचलें नाहीं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा विषय ‘धान्य’. या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशीं सारें गांव शेतांत लोटतें. कडब्याची खोप करून तींत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि अंबील यांचा प्रसाद शेतांतच बसून खातात, आणि वाटसरूलाही हांक मारून जेवूं घालतात. सणाआधीं दोन दिवस आम्हीं वर्ग घेऊन जवळचें एक शेत दाखवावयास गेलों. शाळू कणसांत आला होता. बांधाच्या कडेनें दुसऱ्याच एका पिकाच्या ओळी होत्या. मुलांना उपटून दाखवावें म्हणून आम्हीं ऐटींत हात पुढें केला आणि विचारलें, “सांगा पाहूं, हें काय?”

तोंच वरून आवाज आला, “गुरुजी, मुळ्ळु! कुसुबी, कुसुबी!”

मुळ्ळु म्हणजे कांटा. मचाणावर गोफण घेऊन पांखरें राखीत बसलेला तोच मुलगा आमचा हात ओरखडूं नये म्हणून ओरडला होता. पांच महिन्यांत आमच्या शाळेंत ज्यानें एक अक्षर उच्चारलें नाहीं, त्याचा आम्हांस उद्देशून पहिला शब्द हा असा, आमच्याच काळजीचा.

तो खालीं उतरला. पोरांनीं त्याच्याभोंवतीं कोंडाळें केलें. मग तो बोलूं लागला, आणि थांबेचना. हें जोळ, म्हणजे ज्वारी. ती तोगरी, म्हणजे तूर. पलीकडे कडली, म्हणजे हरभरा. कुसुबी बांधाच्या कडेनें कां पेरतात? तर तिला कांटे असतात म्हणून गुरें आंत शिरत नाहींत. दाण्यांत दूध भरलें कीं नाहीं तें नखानें दाबून कसें पाहावयाचें, तेंही त्यानें दाखविलें. मचाणाखालीं त्याची बहीण कडेवर धाकटें भावंड घेऊन उभी होती. भाऊ कन्नडमध्यें सांगे आणि ती, कोणीं न विचारतां, त्याचें मराठी करून वर्गाला सांगे. या वेळीं तिला गप्प बस म्हणण्याची आमची छाती झाली नाहीं.

‘कुसुबी’ हा शब्द मात्र आमच्या कानांत घुमत राहिला. आम्ही तिला करडई म्हणतों. परंतु अमरकोशांत तिचें नांव आहे कुसुंभ. त्याच्या फुलांच्या रंगांत रंगविलेलीं वस्त्रें संस्कृत काव्यांत नायिका नेसतात. तीं वर्णनें आम्हीं आजोबांपाशीं वाचलीं होतीं. कुसुंभ आम्हीं हजार वेळां उच्चारला होता, आणि आज तो आमच्यापुढें उभा असतां आम्हीं त्याला ओळखलें नाहीं, उलट हात घालूं गेलों. ज्याला आम्हीं मंद ठरविलें होतें, तो सहा वर्षांचा पोर त्याला ओळखीत होता. आणि त्यानें घेतलेलें नांव आमच्या मराठी नांवापेक्षां संस्कृताला अधिक जवळचें होतें. आमच्याकडे वस्तूवांचून नांव होतें. त्याच्याकडे वस्तु होती आणि नांवही होतें. मग आमच्या वर्गांत मंद कोण होतें?

त्याच संध्याकाळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. वडिलांनीं घोंगडी अंथरली, आजीनें गूळपाणी आणून ठेवलें. आम्हीं म्हटलें, “मुलाला सोमवारपासून शाळेंत धाडा. आमची चूक झाली.” वडील बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आपणच सांगितलेंत म्हणून काढला होता, गुरुजी.” त्या वाक्यांत राग नव्हता; असता तर बरें वाटलें असतें. मुलगा परत आला. मुलीचा विषय काढतांच मात्र ते म्हणाले, “ती आतां कामाची झाली, धाकट्याला कोण पाहील?” आम्हीं दोनदां सांगितलें आणि थांबलों. मुलाकरितां जितका आग्रह धरला तितका मुलीकरितां धरला नाहीं, हें लिहितांना आज हात जड होतो.

त्या दिवसापासून आमच्या वर्गांतला आठवडा बदलला. विषय आम्ही आधीं ठरवीनासे झालों, शनिवारीं मुलांनाच विचारूं, “तुमच्या घरीं पुढल्या आठवड्यांत काय आहे?” कोणाकडे गाय व्यायची असे, कोणाकडे छपराची शाकारणी, कोणाकडे लग्नाचे पापड. त्यांतून विषय निघे. सोमवारीं फळ्यावर पहिलें नांव लिहावयाचें तें मुलाच्या घरांतलें, मग कन्नड असो कीं दखनी असो, त्याखालीं मराठी, आणि ठाऊक असल्यास शेवटीं संस्कृत. घरचा शब्द फळ्यावर पाहिला कीं मूल पुढें सरकून बसतें. त्यानंतर मराठी शिकावयास त्याला उशीर लागत नाहीं, कारण मराठी ही त्याच्या शब्दाची बहीण म्हणून येते, सावत्र आई म्हणून नव्हे.

पुढें वाचनांत आलें कीं जें आम्ही ठेंच खाऊन शिकलों तें थोर माणसांनीं कधींच सांगून ठेवलें होतें. बेल्जममध्यें ओविद दक्रोली नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं १९०७ सालीं ब्रुसेल्स येथें शाळा काढली आणि मुलाच्या गरजांभोंवतीं विषय गुंफले: अन्न, ऊन-पावसापासून निवारा, संकटापासून बचाव आणि काम. आधीं निरीक्षण, मग त्याचा इतर गोष्टींशीं संबंध, मग आविष्कार, असा त्यांचा क्रम. अमेरिकेंत किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं प्रकल्पपद्धतीवर लिहिलें. आपल्या देशांत १९३७ च्या वर्धा योजनेनें उद्योगाभोंवतीं सारें शिक्षण बांधण्याचा विचार मांडला. त्यालाच पुढें समवाय म्हणूं लागले. मादाम माँटेसरी १९३९ सालीं मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळें कित्येक वर्षें या देशांत राहिल्या. त्यांची दृष्टि निराळी होती; प्रत्येक मुलानें आपलें काम आपण निवडावें, साऱ्या वर्गाला एका दावणीला बांधूं नये, असें त्या मानीत. आठवड्याचा विषय ठरविणाऱ्यांनीं हा इशारा विसरूं नये. विषय हा दोरा आहे, दावें नव्हे.

परंतु आमच्या मनाला सर्वांत भिडलें तें ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचें काम. ताराबाई १९२३ सालीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. शहरांतलीं महागडीं साधनें खेड्यांत चालणार नाहींत हें ओळखून १९४५ सालीं त्यांनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें काम मांडलें, आणि अनुताई त्याच वर्षीं त्यांना मिळाल्या. मुलें बालवाडींत येत नाहींत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी, अशी ती अंगणवाडी. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारल्यांचीं मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळा कुरणांत नेली आणि तिला नांव दिलें कुरणशाळा. खडे, पानें, बिया, शिंपले हींच त्यांचीं साधनें. १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां ‘अंगणवाडी’ हें नांव देशभर गेलें. कोल्हापुरास लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं सृजन आनंद विद्यालय काढून मुलांच्या अनुभवांतून शिक्षण उभें करण्याचा प्रयोग केला. आमचा मुलगा मचाणावर गोफण घेऊन बसला होता, त्याच्या आधीं कित्येक वर्षें कोसबाडला अशा मुलांसाठीं शाळा कुरणांत गेली होती. आम्ही मात्र त्याला शेतावर पाठवून मोकळे झालों होतों.

आतां सरकारही या वाटेनें चाललें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शक्य तेथें पांचवीपर्यंत घरची भाषा वापरावी असें म्हटलें. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें पहिली ते आठवीसाठीं ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम काढला; त्या दिवशीं दप्तराचें ओझें न बाळगतां मुलांनीं कांहीं करावें, गावें, खेळावें असा हेतु. हेतु चांगला आहे. परंतु आनंदाचा दिवसही गुरुजींनीं पुस्तकांतून उचलला आणि आईनें रात्रीं जागून तयार केला, तर त्यांत मुलाचा भाग फक्त मिरविण्यापुरता उरतो.

आमच्या वाचकांच्या घरांतून अशीं मुलें पुष्कळ आहेत, आणि एकत्र कुटुंब असल्यामुळें आजी-आजोबा, काका-काकूही घरांत आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच, कीं शाळेनें विषय पाठविला म्हणजे प्रथम बाजारांत जाऊं नये, स्वयंपाकघरांत जावें. ‘धान्य’ हा विषय आला तर मुलाला मूठभर ज्वारी निवडावयास द्यावी. खडे किती निघाले तें त्यानें मोजावें. जात्यावर दळलेलें पीठ कसें लागे तें आजीनें सांगावें. भाकरी थापतांना पहिली भाकरी वांकडी कां झाली तें त्याचें त्यानें पाहावें. शाळेंत नेण्यासारखें त्यांतून जें निघेल तें मुलाच्या हातचें असावें, मग तें वेडेंवांकडें असेना. आणि दुसरी गोष्ट. आपल्या मुलाच्या वर्गांत ज्याचे आईबाप परप्रांतांतून मजुरीस आले आहेत असें एखादें मूल असतें. तें मुकें दिसतें. तें मुकें नसतें. त्याचा शब्द कोणीं विचारलेला नसतो. त्याच्या घरीं या वस्तूला काय म्हणतात, हें विचारून येण्यास आपल्या मुलास सांगावें.

सूनबाईंचा निरोप आला तेव्हां वेळ अमावास्या तोंडावर आली होती. तो मुलगा आज पंचेचाळिशीचा आहे. तो दहावीपर्यंत शिकला, पुढें त्यानें थोडी जमीन घेतली आणि बी-बियाणांचें दुकान टाकलें. दर वर्षीं या सणाला तो आम्हांस शेतावर नेतो. यंदां तेथें त्याची बहीणही आली होती. तिचें सासर आळंद तालुक्यांत आहे. कित्येक वर्षांनीं ती दिसली. केस पिकले आहेत. आम्ही अंबील घेत असतां ती पुढें येऊन स्वच्छ मराठींत म्हणाली, “गुरुजी, बरे आहांत ना?” आम्हीं विचारलें, “इतकें चांगलें मराठी अजून राहिलें?” ती म्हणाली, “दुसरीपर्यंत शिकलें होतें ना आपल्याकडे.” मग जरा थांबून हंसत म्हणाली, “माझा बैल शाळेंतच राहिला, गुरुजी.”

प्रथम आमच्या ध्यानांत आलें नाहीं. मग आलें. त्या जूनमधला मातीचा बैल. खिडकींत वाळत ठेवलेला. ते बैल पुढल्या वर्षींच्या साफसफाईंत केव्हांच बाहेर गेले होते. तें तिला सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. तिच्या मुली शिकल्या का, एवढें विचारलें. दोघीही शिकत आहेत असें ती म्हणाली, आणि ताटांत आणखी एक उंडा वाढून गेली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुण्यास पुडकें पाठविलें. शाळूचीं दोन कणसें ताटांसकट, हरभऱ्याचे डहाळे, आणि एका पुडींत करडईचें बीं. बियांचे पैसे दुकानांत घेतले नाहींत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून तीवर तीन तीन नांवें आमच्या हातानें लिहिलीं. करडईच्या पुडीवर ‘कुसुबी’ हें पहिलें. आणि सूनबाईंस लिहिलें कीं हें थर्माकोलवर चिकटवूं नका. तिच्या मुठींत द्या, कुंडींत पेरूं द्या. रोप वाढून कांटे आले म्हणजे एखादा टोंचेल, टोंचूं द्या. या आठवड्याचा तेवढा विषय तरी तिचा तिला समजेल.